बोंबलांची राखण

आमच्या दातिवऱ्यात म्हाताऱ्या माणसाला रिकामं बसवत नाय. होडीवर जाता येत नाय, बाजारात टोपली नेता येत नाय, तर घे काठी आणि वलांडीवर सुकत घातलेले बोंबील राख. कावळे हाकल, कुत्री हाकल. मान असतो त्यात. म्हणून शेजारची हंसामावशी सकाळपासून उन्हात बसलेली दिसायची, ते कोणाला वावगं वाटायचं नाय. उलट तिच्या पोराचं, निमेशचं कौतुक, पाय गेलेल्या आयला उचलून आणतो म्हणून.

परवा सरकारी दवाखान्याची आशाताई, स्वाती, आली. म्हाताऱ्यांचा छळ म्हणजे काय ते घरोघर सांगत होती. उपाशी ठेवणं, घालूनपाडून बोलणं, औषध न देणं, सगळं त्यात येतं म्हणाली. मावशीला तिनं विचारलं, "घरात कोणी मारतं का?"

"नाय गं. पोरगा गुणाचा हाय."

सून जागृती तिथंच उभी. तिच्यासमोर विचारायचं असतं का हे? डोकंच फिरलं माझं.

स्वाती पुढच्या घरी गेली, जागृती आत गेली. मावशीचे ओठ सुकून फुटले होते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तिनं तोंड फिरवलं.

"नको कमळे. पाणी प्यालं की मुतायला लागतं. मग उचलायचं कोणी? संध्याकाळी देतात घोटभर."

घरी येऊन नवऱ्याला, महादूला सांगितलं. तो म्हणे, "झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नको." मेल्याला काय, त्याला कोणी तहानलेलं ठेवलं नाय. मी तशीच गेले आणि मावशीला उचललं. अंगात काय उरलंच नव्हतं तिच्या. आणून माझ्या पडवीत बसवली.

तांब्या तिनं दोन्ही हातांनी धरला आणि सगळा प्याली. परत मागितला. इतकं बरं वाटलं मला.

थोड्या वेळानं तिचं लुगडं भिजलं, जमिनीवर ओघळ आला. मी फडकं घेऊन वाकले, तशी तिनं दोन्ही हात डोक्यावर धरले आणि डोळे गच्च मिटले.

"मी नाय मारत, मावशी," मी म्हटलं. हात काय खाली येईनात.

निमेश दारात आला. "आयला दे. बोंबलांवर कावळे बसलेत."

"बसू देत," मी म्हटलं. मग महादूला सांगितलं, "स्वातीला बोलवून आण. आता इथं, माझ्या घरात विचारू दे."

महादूनं मावशीकडे पाहिलं आणि चपला घातल्या. मावशीचे हात अजून डोक्यावरच होते.