निजलेल्या राजाचा कोपरा

आश्रमाच्या महाराजांनी डोळे मिटले, काठी जमिनीवर टेकवली आणि गरजले, "इथे भिंत!" खणलं, तर हातभर खाली खरोखरच दगडी भिंत. "इथे दुसरी!" तीही निघाली. अख्खं गाव ताईच्या शेतात लोटलं होतं. सगळ्यात पुढे हात जोडून मी, विज्ञानाचा पदवीधर आणि गावातल्या एकमेव फोटो स्टुडिओचा मालक.

"या भूमीवर नांगर चालवू नकोस, माई. आश्रमाला देऊन टाक," महाराज म्हणाले. शिष्याने दानपत्र पुढे केलं. ताईचं पोट याच शेतावर. तिने माझ्याकडे पाहिलं.

"कर सही, ताई. डोळ्यांनी पाहतेयस ना?" हे मी म्हणालो! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तेवढ्यात महाराजांना आणखी चेव आला. "त्या कोपऱ्यात राजा निजलाय! उजवा हात उशाला, डावा पाय दुमडलेला!"

कंबरभर खणलं. नुसती माती.

"राजा रुसला," महाराज म्हणाले.

ताईने पेन खाली ठेवलं. "अरे, शेतात गहू उभा होता तेव्हा तू इथेच ताडपत्री टाकून घोरत होतास ना? मी डबा घेऊन आले तर अस्साच पडला होतास."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवा ड्रोन वर सोडून, शेताचा वरून फोटो काढायला लावून मी आडवा झालो होतो. तो फोटो दुकानाच्या काचेवर लावला होता आणि याच शिष्याने त्याची प्रत नेली होती. रंगीत शाई वाचवायला मी ती काळीपांढरी काढून दिली. मूळ फोटो मोबाइलवर होता, तो सगळ्यांना दाखवला. हिरव्या पिकात पिवळ्या सरळ रेघा, आणि कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीवर राजा, म्हणजे मी. काळ्यापांढऱ्या प्रतीत ती ताडपत्री थडग्यासारखी दिसली असणार.

"पण भिंती कशा दिसल्या?" कुणीतरी विचारलं.

"खाली दगड, वर माती थोडी. मुळांना ओल कमी मिळते, म्हणून तिथला गहू आधी पिवळा पडतो. मी मात्र त्या रेघा पाहून, ड्रोनचा कॅमेरा बिघडला म्हणून दुकानदाराशी भांडून आलो होतो."

"दरवर्षी पडतो," ताई म्हणाली. "मला वाटायचं, खत कमी पडतंय." आणि तिने दानपत्र टराटरा फाडलं. महाराज तोवर गाडीत बसले होते.

पुढे पुरातत्त्व खात्याची माणसं भिंती मोजून गेली. शेत ताईचंच राहिलं. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की, हात जोडण्याआधी "हे तुम्हाला कशावरून कळलं?" असं विचारा. मी विचारलं नाही, आणि बहिणीचं शेत माझ्या शब्दावर जाणार होतं.

ताई अजूनही मला जेवायला हाक मारते ती "उठा, राजेसाहेब" अशी. मी मुकाट्याने उठतो.