एलियाहूची खुर्ची

आमच्या घरात सात खुर्च्या आहेत आणि बसायला सहा. सातवी एलियाहू संदेष्ट्याची. ती दाराजवळ असते, तिच्यावर कुणी बसायचं नाही, वाळलेले कपडेसुद्धा ठेवायचे नाहीत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, रेल्वेच्या नोकरीपायी चार पिढ्या भुसावळात. शाळेत दरवर्षी कुणी ना कुणी नवा शिक्षक मला विचारतोच, "मिलका मॅडम, तुमचा मशीहा येऊन गेला ना?" तो ख्रिस्ती लोकांचा, मी सांगते. आमचा अजून यायचाय. तो देव नसेल, दावीद राजाच्या वंशातला हाडामासाचा माणूस असेल. तो आला की लढाया थांबतील, जगभर विखुरलेले आमचे लोक एकत्र येतील, मेलेले उठतील. आणि त्याच्या आधी एलियाहू येऊन घराघरांतली भांडणं मिटवील.

हे शेवटचं वाक्य माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, बावीस वर्षं ढालीसारखं वापरलं.

बावीस वर्षांपूर्वी धुळ्याच्या शालोमकाकानं दोन्ही घरांचे इस्राएलला जायचे फॉर्म भरले, न विचारता. आबांनी ते फाडले. "मशीहा नेईल तेव्हा जाऊ. आपण आपलं तिकीट काढून जायचं म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही असं झालं." काका म्हणाला, "त्यानं घरी येऊन तुला उचलून न्यायचं का? निम्मा रस्ता आपणच चालायचा असतो." झालं. सख्खे भाऊ, बोलणं बंद. आणि गंमत बघा, एवढं भांडून गेलं कुणीच नाही. आबा भुसावळात वाट बघत बसले, काका धुळ्यात घड्याळं दुरुस्त करत बसला.

आईनं नवस केला होता, दोघे भाऊ एका छताखाली बसतील त्या दिवशी एलियाहूचा मलिदा करीन. तोवर दर सणाला ती एसटीच्या कंडक्टरच्या हाती काकाला फराळाचा डबा पाठवायची. गेल्या वर्षी आई गेली. शेवटचा डबा धुळ्यालाच राहिला.

तिच्या वर्षाला कदीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायची होती. ती म्हणायला आमच्यातलेच दहा पुरुष लागतात. मी बाई, मला त्यात धरत नाहीत, तो माझा राग वेगळाच. महिनाभर मी फोन करत होते. नऊ जण ठरले. मग तीन तास एसटीत बसून धुळ्याला गेले. काका भिंग डोळ्याला लावून म्हणाला, "दादानं बोलावलं तर येईन." घरी येऊन आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "एलियाहू आला की बघू." मी दोघांपुढे हात टेकले. शेवटी जळगावचे बेंजामिन म्हणाले, मी एकाऐवजी दोन्ही मुलांना आणतो, दहा होतील.

रविवारी सकाळी मी तरीही मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, नारळ, वेलची. शेजारच्या हबीबनं चोपड्याची केळी आणून दिली आणि स्वयंपाकघरात मला नारळ खवून देत बसला.

माणसं मोजायची नाहीत असा आमच्याकडे रिवाज आहे. म्हणून आबा दारातल्या पुरुषी चपला मोजतात. दहा जोड भरले. "झाले," म्हणाले आणि प्रार्थना सुरू केली.

कदीश यायला दोन पानं होती. हबीबला दुकान उघडायचं होतं. तो दारात गेला, चपला घातल्या, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दारात नऊच जोड राहिले होते.

"थांबा!" मी ओरडले. "बेंजामिनकाका, तुमचा धाकटा कुठंय?"

"त्याची परीक्षा आहे गं. पण आबा 'झाले' म्हणाले, मग मी कशाला बोलू?"

कपाळ माझं! घरात नऊ माणसं, नऊही चष्मेवाले, आणि एकालाही दिसलं नाही.

"मिलकाआपा," हबीब फाटकातून म्हणाला, "बाहेर पुलियावर एक बाबा बसेल आहेत. मी केळी आणली तेव्हापासून. मांडीवर डबा आहे."

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी पुस्तकात डोकं घातलं. त्यांना माहीत होतं. खिडकी त्यांच्यासमोरच होती.

"आबा, उठा."

"एलियाहू..."

"एलियाहूचं नाव काढू नका! आई बावीस वर्षं डबे भरत होती. ती वाट बघता बघता मेली. आज तिची कदीश तुमच्या हट्टापायी राहिली, तर ही खुर्ची मी बंबात घालीन. खरंच घालीन."

मी रडत होते आणि रडताना मला माझाच राग येत होता. आबा उठले. चपला न घालताच रस्ता ओलांडून गेले. मी त्यांच्या मागोमाग गेले.

बावीस वर्षांनी दोघं बोलले ते लहानपणीच्या अहिराणीत.

"कव्हळशी बठेल शे आठे?" आबांनी विचारलं. कधीपासून बसलायस इथे?

"सातनी गाडीवरी वनू. तू बलावं नही म्हनीसन मजार वनू नही." सातच्या गाडीनं आलो, तू बोलावलं नाहीस म्हणून आत आलो नाही.

"मी बलावाले वनू ना आते. चाल घरमा."

काकानं आईचा डबा पुढे केला. घासूनपुसून लख्ख, आत खजूर भरलेले. भरून आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही, एवढं त्यानं वर्षभर लक्षात ठेवलं होतं. फक्त इथं यायचं तेवढं जमलं नव्हतं. आबांनी डबा सोडून काकाचा दंड धरला. डबा मीच घेतला.

आत जागा नव्हती. सहा खुर्च्यांवर सहा म्हातारे, बाकीचे खाली सतरंजीवर. काकाचे गुडघे वाकत नाहीत. आबांनी दाराजवळची खुर्ची ओढून त्याच्यापुढे ठेवली.

"बठ."

काका मागे सरला. "दादा, ती एलियाहूनी शे."

"तो ई तव्हय ई," तो येईल तेव्हा येईल, आबा म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "तू बठ."

मग आबांनी पुस्तक उघडलं. चपला पुन्हा मोजल्या नाहीत.