तोफेला उठणारा लांडगा

भैरूला तोफेचं वेड लागलं होतं, हे त्याच्या आईचं, सोजरबाईचं दुखणं. धनगराचं पोर, पण कोंबड्याला विचारेना, चांदणीला विचारेना. पहाटे नदीपल्याड पुण्यात कोतवालीची तोफ उडाली की डोळे चोळत उठायचा आणि मेंढरांभोवतीची वाघर, म्हणजे सुताच्या जाळीचं कुंपण, सोडून मोकळा व्हायचा. तोफेनंतर शहरात चोराचं भय सरतं, तसं रानातही सरत असणार, ही त्याची अक्कल.

सवाई माधवरावांच्या राज्यातली गोष्ट. नारायण पेठेतल्या आप्पासाहेबांनी भांबुर्ड्याच्या शेतात खतासाठी सोजरबाईची मेंढरं बसवली होती. तोफेला रान रिकामं करायचं, म्हणजे गड्यांना औत धरता येतं, अशी बोली ठरली होती.

एक कोकरू गेलं. मग दुसरं.

"रातचा लांडगा येतोय," भैरू म्हणाला. "कुत्री निजत्यात."

"कुत्री न्हाई, तू निजतोस. कोकरंच सरली तर फुडं काय काठी चारशील व्हय?"

दुसऱ्या पहाटे ती घोंगडी पांघरून बांधावर बसली. शेजारच्या हरभऱ्यात ससे चरत होते. फटफटू लागलं तसे ते नांगराच्या तासात दबून दिसेनासे झाले, आणि त्याच वेळी ओढ्यातून लांडगा वर येऊन बसला. सशाचा शेवटचा घास ती याची न्याहारीची वेळ. तेवढ्यात तोफ उडाली. लांडगा दचकलाही नाही. उठला आणि चौफेर बघत सरळ वाघरीकडे चालू लागला. आवाज झाला की जाळी सुटते, हे त्याला पाठ झालं होतं. ती ओरडेपर्यंत भैरूनं जाळी सोडली. सोजरबाई काठी घेऊन धावेपर्यंत तिसरं कोकरू गेलं.

त्यानंतरच्या पहाटे वाघरीची गाठ तिनं स्वतः मारली आणि गाठीपाशीच बसली. तोफ झाली.

"आये, सोड की. आप्पासाहेब हाकलतील."

"हाकलू दे."

लांडगा आला. ताटकळला. उन्हं मेंढरांच्या पाठीवर आली तसा शेपूट पाडून टेकडीकडे झोपायला गेला. मग तिनं गाठ सोडली. तोवर रिकामे बैल बघून आप्पासाहेब बांधावर पोचलेच.

"बाई, तोफ ऐकू आली नाही वाटतं."

"आली की. लांडग्यालाबी आली."

"बोली तोफेची आहे."

"मंग तोफंलाच बसवा रानात. बघू किती लेंड्या टाकती. म्या उन्हं आल्याबिगर जाळी सोडनार न्हाई. नगं असंल तर आत्ता बिऱ्हाड उचलते."

आणि तिनं खरंच घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. आप्पासाहेबांनी खत पडायचं राहिलेलं अर्धं रान बघितलं, मग तिच्याकडे.

"औत उन्हं आल्यावर धरू," एवढंच म्हणून ते वळले.

भैरूच्या तोंडावर हसू फुटलं. "आये, जितलीस."

सोजरबाईनं काठी त्याच्या हातात दिली.

"तोफंला तू उठतोस, त्योबी उठतो. पर त्यो उठल्यावर चौफेर बघतो. आजपास्नं जाळीला हात लावायचा न्हाई. आदी त्या लांडग्यायवढा शाना हो, मंग माझ्या मेंढरांचा धनी हो."