दोन पायऱ्यांची वाट

सासूबाई खाली प्रयोगशाळेत रेणू जोडायच्या, आणि वरच्या मजल्यावर सून तेच रेणू संगणकाकडून मोडून घ्यायची. हवा तो रेणू दिला की तिचा प्रोग्रॅम त्याचे तुकडे पाडत मागे मागे जायचा, कंपनीच्या साठ्यातल्या एखाद्या बाटलीपाशी पोचला की थांबायचा आणि तिथून कृती सरळ मांडून द्यायचा.

नव्या औषधासाठी सासूबाईंची लांबलचक कृती ठेवायची की मोडीत काढायची, हे साहेब आज ठरवणार होते.

"आई, रागावू नका," सून म्हणाली, "पण प्रोग्रॅम दोनच पायऱ्या म्हणतोय."

"दोन? मग वर्षभर मी काय झक मारली?"

"सुनेनं सासूला घरी बसवलं म्हणायचं!" साहेब हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावरची कृती वाचली. दोन्ही पायऱ्या बिनचूक होत्या; त्याचंच त्यांना जास्त लागलं. मग त्यांची नजर सुरुवातीच्या द्रव्यावर गेली.

"हे कुठून आणणार?"

"आहे की साठ्यात. खालच्या फ्रीजमध्ये."

सासूबाई तडक खाली गेल्या आणि बोटभर उंचीची कुपी घेऊन आल्या. तळाशी चिमूटभर पांढरी पूड, वर त्यांचंच अक्षर.

"वर्षभर राबून इथवर मी आले. थोडं उरलं, म्हणून मीच साठ्यात चढवलं. आणि हा इथून पुढं चालणार! आयत्या बिळावर नागोबा!"

सुनेचे कान लाल झाले, तरी तिला हसू आवरेना. "त्याला काय ठाऊक, बाटली कुणाच्या घामाची? दिसली, थांबला."

तिनं ती कुपी साठ्यातून वगळली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. या वेळी कृती लांबलचक आली. जवळजवळ सासूबाईंचीच, फक्त एके ठिकाणी दोन पायऱ्यांची अदलाबदल होती. नेमक्या त्याच जागी त्यांचा निम्मा माल वाया जायचा.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "अणूंचं वलय जोडायच्या आधी ब्रोमीन?"

"तसं म्हणतोय खरा."

"मग काय ठरलं?" साहेबांनी विचारलं.

"माझी कृती ठेवा. एवढी एक जागा बदलून बघते." त्या उठल्या. दारापाशी सुनेकडे वळून म्हणाल्या, "चल खाली. आणि तुझ्या नागोबाला सांग, ब्रोमीनला हात लावायचा तर आधी हातमोजे घालावे लागतात."