बाहीचा झोल

सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये मगन वीस वर्षं वाफेच्या लायनी जोडत होता, आणि त्याने आवळलेला एकही सांधा आजवर गळला नव्हता. कोणी विचारो न विचारो, हे तो सांगायचाच. सत्त्याण्णव साली त्याने भंगाराच्या भावात फियाट घेतली, इंजिन खोलून बसवलं आणि रेडिएटरला नळी घातली तीही मिलमधल्यासारखीच: तारेच्या जाळीची, जाडजूड, नेमक्या मापाची. रविवारी साक्रीला त्याच्या बायकोच्या, सुंदराच्या, भाचीचं लग्न होतं. अठरा वर्षं एसटीने माहेरी गेलेल्या सुंदराला त्याने पुढच्या सीटचा शब्द दिला होता.

शुक्रवारी गाडी सुरू केली आणि नळीच्या तोंडातून पाणी ठिबकू लागलं. मगनने पट्टी आवळली. पुन्हा ठिबकलं. आणखी आवळली, तरी तेच. चाळीतले लोक बघत होते, त्याचं तोंड एवढंसं झालं.

सुंदरा घरी ब्लाऊज शिवायची. हातातलं शिवण घेऊनच ती बाहेर आली आणि बराच वेळ बॉनेटमध्ये बघत राहिली.

"इंजिन हालस, वर्षाना बाप," लेकीच्या नावाने नवऱ्याला हाक मारत ती म्हणाली. "बाहीले झोल नही ठेवा ते हात उचलताच बगलमा उसवस. तुमनी नळीले झोल कोठे शे?"

शिवणकाम वेगळं न् फिटरचं काम वेगळं, असं मगन पुटपुटला खरा. पण मिलचे पाइप भिंतीला धरून गप्प बसतात. इथे रेडिएटर जागच्या जागी आणि इंजिन थरथरतंय. हे त्याला आधी सुचायला हवं होतं, याचाच त्याला राग आला.

शनिवारी तो तिलाही भाईदासच्या स्पेअर पार्टच्या दुकानात घेऊन गेला. भाईदासने नळ्या मांडल्या. मगनचा हात सवयीने जाड नळीकडे गेला, त्याने तो मागे घेतला. सुंदराने एकेक नळी वाकवून, सोडून पाहिली, साधी मऊ रबराची निवडली आणि दोन बोटं जास्त कापायला सांगितलं.

"भाभी साचुं कहे छे," भाईदासने तिला दुजोरा दिला.

रविवारी मगनने वाटेत कडोदऱ्याला गाडी थांबवून बॉनेट उघडलं. कोरडं. बारडोलीला पुन्हा उघडलं. पुढच्या सीटवरून सुंदरा नुसती हसली.

साक्रीला मांडवाबाहेर मेहुण्याने, धुडकूने, गाडीभोवती फेरी मारली आणि दाजींच्या हाताची चारचौघांत तारीफ केली. मगनने बॉनेट उचललं.

"हाई नळी," तो म्हणाला, "तुमनी बहीणनी पसंद करी."