मैदानावरचा अर्धा तास

आमच्या कॉलेजात मुलींच्या धावण्याच्या संघाचा प्रशिक्षक दर वर्षी नव्यानं नेमतात. जुन्यालाच ठेवायचं असलं, तरी त्यानं पुन्हा अर्ज करायचा आणि समितीसमोर अर्धा तास सराव घेऊन दाखवायचा. समितीत प्राचार्य, क्रीडाप्रमुख आणि खेळाशी संबंध नसलेला एक माणूस, म्हणजे मी, ग्रंथपाल. नेमणुकीला तिघांच्याही सह्या लागतात. सात वर्षं मी पेन्सिलीची फुली दिसेल तिथं सही करत आलो होतो.

यंदा मॅडमविरुद्ध एक तरुण उमेदवार होता. मॅडम सहा वर्षं संघ सांभाळत होत्या, पण गेल्या वर्षी पदक नव्हतं. आधी तरुणाची पाळी. शिट्टी, प्लास्टिकचे शंकू, खणखणीत आवाज. मुली जीव तोडून पळाल्या. सगळ्यांत पुढं खार. आमच्या सर्वांत वेगवान मुलीला सगळे खारच म्हणतात. क्रीडाप्रमुखांची कळी खुलली.

मॅडमनी मात्र मुलींना आधी एक फेरी नुसतं चालायला लावलं आणि उकिडव्या बसून त्यांची पावलं बघत राहिल्या. फेरी संपल्यावर त्यांनी खारीच्या नडगीवर अंगठा दाबला. ती कळवळली. चार दिवस दुखत होतं, पण ती कुणाला बोलली नव्हती. मॅडमनी तिला बाकावर बसवलं. आजच्या दिवस पळू द्या, नाहीतर तुमचं काही खरं नाही, असं ती विनवत होती. मी शेजारीच होतो.

"माझं मी बघीन," मॅडम म्हणाल्या. "तू बूट काढ."

उरलेल्या मुली बेताच्याच पळाल्या.

खोलीत आल्यावर क्रीडाप्रमुख म्हणाले की बाईंनी वेळ चालण्यात घालवला, आता पदकंही चालत येतील. प्राचार्य हसले. कागद माझ्यापुढं आला. फुली तरुणाच्या नावासमोर होती. आपलंच चुकत असेल, असं दोनदा मनात आलं.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो.

"सर, तुम्हाला खेळातलं काय कळतं?" क्रीडाप्रमुखांनी विचारलं.

"काहीच नाही. पण ती मुलगी दोघांसमोर होती. तिचा पाय एकीलाच दिसला."

उद्या बघू, असं प्राचार्य म्हणाले. उद्या माझी समजूत घातली जाणार आणि मी ती घालून घेणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी खुर्चीतून उठलोच नाही. तासाभरानं क्रीडाप्रमुख कंटाळले. प्राचार्यांनी कोरा कागद ओढला, मॅडमचं नाव लिहिलं आणि त्यांना आत बोलावलं.

मॅडमनी आभार मानले नाहीत. "महिन्याभरानंतरच्या शर्यतीत खार पळणार नाही," त्या म्हणाल्या. "ते पदक धरून चालू नका. आत्ताच सांगून ठेवते."

क्रीडाप्रमुखांनी कपाळाला हात लावला.

"तेही नेमणुकीच्या पत्रात लिहा," मी म्हणालो.