म्हातारा जमीनदार सोडताना

लोक आपल्याला नेमके कशासाठी हसतात, हे इफ्रेम लस्बीला हल्ली कळेनासं झालं होतं. विनोदी नटाच्या वाट्याला याहून वाईट काय येणार?

मिसरूड फुटलं तेव्हापासून तो फिलाडेल्फियाच्या नाटकमंडळीत म्हाताऱ्यांची कामं करत आला होता. त्यातला विसरभोळा जमीनदार तर खास त्याचा. मंडळीची रीतच तशी होती. एकदा भूमिका ज्याची झाली ती त्याची. त्याने स्वतःच्या तोंडाने 'सोडली' म्हटल्याशिवाय मालकालाही ती दुसऱ्याला देता येत नसे. तरुणपणी इफ्रेम जळक्या बुचाने सुरकुत्या काढी. आता सुरकुत्या आयत्याच होत्या, आणि विसरणंही.

घोडं अडत होतं ते इथेच. चष्मा शोधता शोधता तो पुढचं वाक्य हरवून बसे, भांबावून समोर बघत राही, आणि पुढच्या बाकांवरची माणसं अक्रोड फोडायचं सोडून पोट धरून हसत. त्याची बायको डॉर्कस या नाटकात जमीनदाराची मोलकरीण होई. ती झाडू आपटत त्याच्यावर खेकसे, आणि त्या खेकसण्यातच त्याचं वाक्य त्याला परत देई. लोकांना वाटे, काय नट आहे! मंडळीचा मालक पेनॉक मात्र विंगेतून सगळं बघत होता. भूमिका आता मानाने सोड, असं त्याने गोडीगुलाबीने सुचवून पाहिलं.

इफ्रेम इरेला पेटला. त्याने सगळं नाटक नव्याने घोकलं आणि सोमवारी एका अक्षराला चुकला नाही. लोक हसले, पण पाहुण्याच्या विनोदाला हसावं तसं. तो चक्रावलाच. मग इतके दिवस हे हसत होते ते माझ्या कलेला की मला?

पुढच्या खेळाला त्याने ठरवलं, विसरायचं, पण आपल्या मर्जीने. ते साधलं तर भूमिका आपली, नाहीतर सोडली. डोक्यावरचाच टोप त्याने खोलीभर शोधला, वाक्य गिळलं, डॉर्कसला हळूच डोळा मारला. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं.

"म्हातारे, आज मी मुद्दाम विसरलो," रंगपटात येताच तो म्हणाला. स्वारी भलती खुशीत होती.

"टोपाच्या वेळी ना? कळलं मला." डॉर्कस टोपीच्या नाड्या सोडता सोडता थांबली. "आणि जमीनदाराच्या मुलीला हाक मारताना?"

इफ्रेम आठवू लागला. मुलगी आठवत होती, तिचा निळा झगाही आठवत होता. हाकेचं काय झालं होतं?

"तेव्हा हसले का लोक?"

"सगळ्यात जास्त."

आनंद मानावा की रडावं, त्याला समजेना. बराच वेळ तो तोंडावरचा रंग पुसत राहिला. रंग केव्हाच निघाला होता. डॉर्कसने त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

तो उठला आणि तडक पेनॉकच्या खोलीत गेला. डॉर्कस मागोमाग गेली.

"सोडली," इफ्रेम म्हणाला.

त्याच्या नावावर भूमिका पुष्कळ होत्या, म्हणून पेनॉकने साधंच विचारलं, "कुठली?"

इफ्रेम त्याच्याकडे बघत राहिला.

"जमीनदाराची, म्हाताऱ्या, जमीनदाराची," मागून डॉर्कस खेकसली, रोज खेकसे तश्शीच.

पेनॉकला हसू आवरलं नाही. ते हसू ऐकून इफ्रेमने सवयीने कमरेत वाकून अभिवादन केलं.